माळ्यावरचा स्पेक्ट्रम पुन्हा सुरू करताना

भाऊ, लहानपणीचा झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअरचा तो जुना घरगुती कॉम्प्युटर, माळ्यावर जपून ठेवलात आणि आता पुन्हा सुरू करायचाय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून फार बरं वाटलं. फक्त लगेच प्लग लावू नका.

सर्वात आधी अडॅप्टर. १९८२ च्या या मशीनला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या आतलं टोक ऋण असतं. आजचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. सीताबर्डीच्या बाजारातून नवा आणलात तरी मल्टिमीटरने तपासल्याशिवाय जोडू नका. जुना अडॅप्टर मशीनला न जोडता नुसता मोजला की ९ पेक्षा बराच जास्त आकडा दाखवतो. घाबरू नका, तो तसाच असतो.

दुसरं, झाकण. स्क्रू काढले की ते झटकन वर ओढायचं नाही. कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या खाली बोर्डात अडकलेल्या असतात आणि इतक्या वर्षांत पापडासारख्या कडक होतात. माझी एक अशीच तडकली, अर्ध्या कळा गेल्या. बोटभर उचला, आत डोकवा, पट्ट्या सरळ वर काढा. तडकली तरी नवा मेम्ब्रेन (कळांखालचा पट्ट्यांसकटचा पातळ पडदा) मिळतो.

आणखी काही:
- मे महिन्यात दुपारी चालवू नका. आतला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) तसाही चांगलाच तापतो.
- कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, ओल्या हवेने पिना गंजतात.
- कॅसेटवरचा प्रोग्रॅम मशीनमध्ये लोड होत नसेल तर आधी कॅसेट प्लेअरचा रबरी पट्टा बघा. बहुतेक वेळा तो वितळून चिकट झालेला असतो.

कपॅसिटर बदलणं, सोल्डरिंग वगैरे सध्या राहू द्या. स्क्रीनवर काय दिसतं ते आधी कळवा.