दारूमुळे मित्राला आठवत नाही: आधी काय करायचं, काय अजिबात करायचं नाही

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा. मित्र ४४ वर्षांचा, दहा-बारा वर्षं रोज पिणारा, हल्ली दिवसाला दोन क्वार्टर, सकाळी हात थरथरतात म्हणून उतारा घ्यावा लागतो. वर्षभरात विसरणं वाढलंय. दहा मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा विचारतो, कुणाला उधार दिलं ते आठवत नाही, वर न घडलेल्या गोष्टी छातीठोकपणे सांगतो. त्याच्या बायकोने येत्या सोमवारपासून घरात दारू पूर्ण बंद करायचं ठरवलंय आणि तुमची मदत मागितलीय.

आधी तो सोमवार रद्द करा. दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिली. ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात साधारण १२० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. रोज एवढं घेणाऱ्या आणि सकाळी उतारा लागणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडली, तर ६ ते १२ तासांत कापरं, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसणं, अंथरूण चाचपत राहणं, ताप, घरच्यांना न ओळखणं. यात माणूस दगावतो. घरच्यांना वाटतं दोन दिवस काढलेत, आता सुटला, आणि खरा धोका नेमका तेव्हा असतो. त्यामुळे दारू थांबवायची ती दवाखान्यात, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखं औषध देऊन आणि ते पायरीपायरीने उतरवत. दाखल होईपर्यंत त्याचं रोजचं प्रमाण तुम्ही आपल्या मनाने शून्यावर आणू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या दोन-चार दिवसांपुरतं हेच कमी धोक्याचं आहे.

आता विसरण्याकडे वळू, कारण सगळं विसरणं एकाच जातीचं नसतं.

रात्री काय बोललो, घरी कसा आलो हे सकाळी आठवत नाही, याला ब्लॅकआउट म्हणतात. भरभर, रिकाम्या पोटी प्यायलं की रक्तातलं अल्कोहोल एकदम चढतं आणि मेंदूत त्या वेळची नोंदच होत नाही. माणूस तेव्हा चालतो, बोलतो, वचनंसुद्धा देतो, पण त्याची पाटी कोरी राहते. म्हणून रात्री घेतलेली ‘उद्यापासून सोडतो’ ही शपथ आणि सकाळचं ‘मी असं म्हणालोच नाही’ ही दोन्ही खरी असू शकतात.

तुम्ही सांगताय ते याच्या पुढचं आहे. शुद्धीत असतानाही नवी गोष्ट टिकत नाही आणि रिकाम्या जागा मन स्वतःच भरतं. काल दिवसभर घरात असलेला माणूस ‘काल नाशिकला जाऊन आलो’ म्हणतो आणि बसमध्ये कोण भेटलं तेही सांगतो. हे खोटं बोलणं नव्हे, त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास असतो. वाद घालू नका, आणि ‘मग तिथे कोण भेटलं?’ असं विचारून गोष्ट वाढवूही नका.

अशा विसरण्यामागे बहुतेकदा बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची कमतरता असते. शरीरात त्याचा साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम, दोन-तीन आठवडे पुरेल इतका. दारूवर जगणारा माणूस नीट जेवत नाही, आणि जे जेवतो त्यातलं थायमिनही आतडं पुरेसं उचलत नाही, कारण अल्कोहोल ते शोषणच अडवतं. गंमत अशी की चखण्यातल्या शेंगदाण्यात थायमिन बऱ्यापैकी असतं, पण ज्या ग्लासाबरोबर ते खाल्ले जातात तोच ग्लास त्यांना निकामी करतो. ही कमतरता अचानक गाठते तेव्हा तिला वर्निके म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर मागे जी कायमची विस्मृती उरते ती कोर्साकॉफ.

वर्निकेची पुस्तकी लक्षणं तीन: गोंधळलेपण, तोल जाणं, डोळ्यांच्या हालचाली बिघडणं. तिन्ही एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात, त्यामुळे तिन्हींची वाट पाहत बसू नका. पाहायचं असं. पाय फाकवून, बोटीवर चालल्यासारखा चालतो का? डोकं स्थिर ठेवून तुमचं बोट बाजूला नेलं, तर त्याचे डोळे टोकाला गेल्यावर थडथडतात का? एकाचे दोन दिसतात का? आणि चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळत नाही, तसाच अनवाणी दोन पावलं पुढे जातो, असं होतं का? हे शेवटचं पायांच्या नसा बधिर झाल्याचं लक्षण आहे आणि डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, कारण बाहेर पडताना दारात उभ्या असलेल्या मित्राला ते जितकं दिसतं तितकं तपासणीच्या खोलीत दिसत नाही. गोंधळ किंवा तोल जाणं गेल्या काही दिवसांत एकदम वाढलं असेल, तर अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. गाडी मिळत नसेल तर १०८.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, ही आपल्याकडे हमखास चुकते. अशक्तपणा आला, दोन दिवस जेवला नाही, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडे नेऊन सलाईन लावून आणायची. त्या बाटलीत बहुधा ग्लुकोज असतं. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं, आणि साठा आधीच तळाला असेल तर उरलासुरला तिथेच खर्च होतो. काठावर असलेला माणूस अशाने वर्निकेत ढकलला जातो. म्हणून जिथे न्याल तिथे पहिल्याच वाक्यात सांगा: ‘हा रोज दोन क्वार्टर पितो, जेवत नाही, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या.’ संशय असेल तिथे ते शिरेतून देतात, २०० ते ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. मेडिकलमधून आणलेली बी-कॉम्प्लेक्सची गोळी हे काम करत नाही. पिणाऱ्याच्या आतड्यातून तोंडावाटे फार थोडं आत जातं. रक्तात मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिन देऊनही गुण येत नाही, म्हणून तेही तपासायला हवं.

सगळा दोष दारूवर टाकून मोकळंही होऊ नका. पिणारा माणूस पडतो आणि पडल्याचं विसरतो. डोक्याला मार लागून मेंदूच्या आवरणाखाली सावकाश रक्त साचलं, तर काही आठवड्यांनी डोकेदुखी, सुस्ती आणि विसरणं सुरू होतं. ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं आणि ऑपरेशनने बरं होऊ शकतं. यकृत बिघडलं असेल तर दिवसा झोप, रात्री जागरण, हात पुढे पसरल्यावर पंजा फडफडणं आणि गोंधळ दिसतो, आणि बद्धकोष्ठता झाली की तो वाढतो. बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम या तपासण्या स्वस्त आहेत, करून टाका. झोपेची गोळी, विशेषतः अल्प्राझोलाम, दारूबरोबर घेत असेल तर ती स्वतःच स्मृती पुसते. घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

न्यायचं मानसोपचारतज्ज्ञाकडे, पण असं ठिकाण निवडा जिथे फिजिशियन आणि स्कॅनची सोय आहे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय यासाठी चांगलं. व्यसनमुक्ती केंद्र त्यानंतर. पुण्यात १९८६पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी उपचाराचा मोठा भाग गटात बसून ऐकण्या-बोलण्याचा असतो. सकाळचं सत्र संध्याकाळी आठवत नसेल तर त्यातलं थोडंच पदरात पडणार. दाखल करताना स्मृतीचा त्रास आवर्जून सांगा आणि घरच्या माणसाला सत्रांना बसता येईल का ते विचारा. केंद्राची नोंदणी पाहा. मारहाण करणारी, बांधून ठेवणारी केंद्रंही आहेत. जवळपास काय आहे ते शोधायला व्यसनमुक्तीची १४४४६ ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६.

बोलायचं कधी? रात्री नाही. सकाळी अगदी उठल्या उठल्याही नाही, तेव्हा तो थरथरत असतो. उतारा घेऊन स्थिर झाल्यावर, एकट्याला गाठून, दहा मिनिटं. ‘तू दारू सोड’ हा विषयच नको. ‘गेल्या आठवड्यात तू मला एकच गोष्ट चारदा विचारलीस, मला भीती वाटतेय, उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊ, मी येतो बरोबर.’ विस्मरणाची भीती त्यालाही असते, आणि ‘बेवडा’ म्हणून दवाखान्यात न जाणारा माणूस ‘विसरायला होतंय’ म्हणून जातो. तो हो म्हणाला की त्याच्याच अक्षरात लिहून घ्या: तारीख, वेळ, कुठे जायचं. कागद त्याच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये. आठवड्याने तो हे बोलणं विसरला असेल तर चिडू नका, कागद दाखवा. तो शुद्धीत आणि तयार असतानाच आणखी एक करून ठेवता येतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार कुणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर लिहून, सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. बायको किंवा तुम्ही, कुणीही चालेल. पुढे निर्णय घेण्याच्या स्थितीत तो नसेल तेव्हा या कागदाचा उपयोग होतो.

जेवणात गुपचूप मिसळायची पावडर अजिबात नको. भिंतींवर, बसस्टँडवर ज्यांच्या जाहिराती असतात त्यांत काय आहे याचा पत्ता नसतो. त्यात किंवा ओळखीच्या मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळीत डायसल्फिराम असेल आणि वर दारू गेली, तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीव जातो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने देतात, कारण ते घेतलंय हे लक्षात ठेवून त्याने दारू टाळणं हाच त्याचा आधार असतो. तुमच्या मित्राला तेच जमत नाही. म्हणून सांगून दिलं तरी हे औषध त्याच्यासाठी योग्य नाही. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, यकृत खराब असेल तर बॅक्लोफेन, हे पर्याय डॉक्टर ठरवतील.

घरी मात्र आजपासूनच बरंच करता येतं. स्वयंपाकानंतर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, मोटारसायकलची किल्ली बायकोकडे, यूपीआयची रोजची मर्यादा कमी, उधारीची वही एकच आणि ती एकाच खिळ्याला टांगलेली. जमिनीच्या किंवा कर्जाच्या कागदावर तुम्हा दोघांपैकी कुणी हजर असल्याशिवाय सही नाही. अशा माणसाला गाठून सह्या घेणारे गावात असतातच. गोळ्यांचा सात खणांचा डबा, फोनवर गजर, भिंतीवर एक मोठं कॅलेंडर, आणि रोजची दिनचर्या तीच ती. सवयीची स्मृती बहुधा शाबूत असते, त्यामुळे रोज त्याच वेळी त्याच खुर्चीत जेवणारा माणूस तारीख विसरला तरी जेवायला येतो.

सुधारणा किती होईल हे पहिल्या महिन्यात कुणी सांगू शकत नाही. दारू पूर्ण थांबली, थायमिन आणि जेवण सुरू राहिलं, तर चालणं आणि डोळे आधी सुधारतात. स्मृती मागून, कित्येक महिने घेत, कधी दोन वर्षांपर्यंत. कोर्साकॉफ पक्का झाला असेल तर ढोबळमानाने चौघांतल्या एकाला कायम सांभाळावं लागतं. म्हणून दाखल झाल्यावर दोनेक आठवड्यांनी, औषधाची गुंगी उतरल्यावर स्मृतीची चाचणी करून घ्या, मग तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा, आणि गुण त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवा. मधे स्लिप झाली तर तो दिवस आणि किती प्यायला तेही लिहा. पुन्हा रोजची सुरू झाली असेल तर पुन्हा एकदम तोडायची नाही, थायमिन आणि दवाखाना, त्याच क्रमाने.