बंद वजनकाट्यावर सिलिंडर

प्रश्न : आमचा काचेचा डिजिटल वजनकाटा पावसाळ्यात बंद पडला. नवीन सेल घातला तरी आकडे उमटत नाहीत. भंगारात देण्याआधी विचारते, घरात त्याचा काही उपयोग होईल का? आमच्याकडे गॅसचा सिलिंडर एकच आहे आणि तो नेमका पाहुणे आले की संपतो.
– एक वाचक, परळ

उत्तर : ताई, भंगारात अजिबात देऊ नका; त्यावर सिलिंडर ठेवून गॅस किती उरला ते बघता येईल. मस्जिद बंदरच्या गाळ्यांमधून वजनकाटे दुरुस्त करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. अशा काट्यात बिघाड बहुतेक वेळा सर्किटमध्ये असतो, पायांतले सेन्सर ठणठणीत असतात.

आधी सेलच्या पट्ट्या बघा. आपल्या दमट हवेत त्यांवर हिरवट थर चढतो. साध्या खोडरबराने तो घासून काढा. कधी कधी तेवढ्यानेच काटा जागा होतो.

नाहीच झाला, तर तळाचे चारही पाय उघडा. प्रत्येकात पोलादाची एक छोटी पट्टी दिसेल आणि तिच्यावर पांढऱ्या चिकट थराखाली चिकटवलेला स्ट्रेन गेज. गेज म्हणजे नागमोडी वळणांची, केसाहून बारीक धातूची जाळी. पट्टीवर भार आला की ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते, जाळी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध किंचित वाढतो. किती किंचित? ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण भारालाही बाहेर जेमतेम काही मिलीव्होल्ट मिळतात. एवढासा फरक पकडायला चारही सेन्सर व्हीटस्टन ब्रिजमध्ये, म्हणजे रोधातला बारीक फरक दाखवणाऱ्या चौकोनी जोडणीत, जोडलेले असतात.

घरातल्या कॉलेजच्या मुलाला लॅमिंग्टन रोडला पाठवा. एचएक्स ७११ नावाचं छोटं बोर्ड (ते हा बारीक सिग्नल मोठा करून आकड्यात बदलतं) आणि एक आर्डुइनो (तो आकडा वाचणारा, प्रोग्रॅम घालायचा चिमुकला संगणक) आणायला सांगा. प्रत्येक सेन्सरला तीन वायर असतात. कुठली वायर कुठली हे रंगावरून ठरवू नका, रोध मोजणारा मल्टिमीटर लावा. ज्या दोन वायरींमध्ये रोध सर्वांत जास्त, त्या कडेच्या; उरलेली मधली. कडेच्या वायरी शेजारच्या पायाच्या त्याच रंगाच्या वायरीला जोडत चौकोन पुरा करायचा. समोरासमोरच्या दोन मधल्या वायरींतून वीज द्यायची, उरलेल्या दोन मधल्या वायरींतून सिग्नल एचएक्स ७११ मध्ये घ्यायचा. जोडणी झाली की एक पाय अंगठ्याने दाबून बघा. आर्डुइनोला जोडलेल्या स्क्रीनवरचा आकडा लगेच सरकतो. इतक्या वर्षांनंतरही मला ते बघायला आवडतं.

माप लावायला १० लिटर पाणी घ्या, म्हणजे १० किलो. भांड्याचं वजन आधी शून्य करून घ्या. तेलाच्या १ लिटरच्या पिशव्या मात्र नकोत, त्यांत साधारण ९१० ग्रॅमच भरतं.

आता सिलिंडर. काचेवर त्याची लोखंडी कडा थेट टेकवू नका, मध्ये जाड प्लायवूड ठेवा. काटा सपाट, कडक फरशीवर हवा. रबरी नळी ताणलेली असेल तर ती वजन उचलून धरते आणि आकडा चुकतो, म्हणून नळी सैल सोडा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे बोर्ड आणि बॅटरी खाली ठेवायची नाही, ओट्याच्या वर भिंतीला लावायची. वास आला तर विजेच्या कुठल्याही बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा.

सिलिंडरच्या कडीजवळच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं. समजा १५.३ किलो. भरलेला घरगुती सिलिंडर त्याहून १४.२ किलो जड, म्हणजे २९.५. काट्यावर १८.३ दिसलं की आत ३ किलो गॅस उरला.

एक अडचण राहते. हे सेन्सर माणूस मिनिटभर उभा राहावा म्हणून केलेले. महिनाभर भार ठेवला तर आकडा हळूहळू खऱ्या वजनापासून सरकतो. म्हणून दर वेळी सिलिंडर बदलताना, काटा मोकळा असतानाच शून्य लावून घ्या. फराळ विकत असाल, तर त्यासाठी हा काटा वापरू नका. विक्रीच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो.