घरी बडबड, वर्गात गप्प

बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही बडोद्यात, दांडिया बाजारात राहतो. मुलगी पाच वर्षांची, इंग्रजी माध्यमात सीनिअर केजीला आहे. घरी आम्ही दोघं आणि सासूबाई, सगळे मराठीच बोलतो. खाली चौकातली मुलं गुजराती, त्यांच्यात ती झकास गुजराती बोलते. पालकसभेत टीचर म्हणाल्या, "ही वर्गात तोंडच उघडत नाही. रंग विचारला तरी गप्प. घरी मराठी बंद करा, इंग्रजीच बोला." तेव्हापासून हे तिच्याशी इंग्रजीत बोलतात. सासूबाईंनी तिला गोष्ट सांगणं थांबवलं आहे. मला काहीच सुचत नाही. काय करू?
— एक आई, दांडिया बाजार

मराठी बंद करू नका. आज रात्रीच सासूबाईंना म्हणा, "आई, गोष्ट सांगा हिला." बाकीचं मग.

टीचरना दोन-तीन गोष्टी विचारून या. ती मैत्रिणींबरोबर डबा खाते का? 'वही काढा' म्हटल्यावर काढते का? खेळाच्या तासाला इतरांबरोबर पळते का? तसं असेल तर तिचं वर्गात लक्ष आहे, ती ऐकते आहे. नवी भाषा कानावर पडू लागली की पुष्कळ मुलं काही महिने नुसती ऐकतात. नवरात्रात शेरीतली लहान मुलं गरब्याच्या कडेला उभी राहून बघत असतात, कुणी शिकवत नाही, आणि एका रात्री टाळी देत आत शिरतात, तसंच हे. घराबाहेर ती कुणाशीच, कुठल्याच भाषेत बोलत नसती तर मी तुम्हाला लगेच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. चौकात बोलते म्हणता, म्हणून ती शंका मला येत नाही. कान मात्र एकदा तपासून घ्या. बालवाडीत शिकवत होते तेव्हाही 'लक्ष देत नाही' अशी तक्रार आली की मी आधी कानांची चौकशी करत असे.

आता त्या रंगाच्या प्रश्नाबद्दल. अमेरिकेत कॅरोलायना भागात शर्ली ब्राइस हीथ या अभ्यासक १९७०च्या दशकात गिरणी कामगारांच्या वस्त्यांत वर्षानुवर्षं जात होत्या. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली मुलं घरी बोलण्यात तरबेज आणि शाळेत गप्प. हीथबाईंच्या लक्षात आलं की त्या घरांत मोठी माणसं ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊकच आहे असं मुलांना सहसा विचारत नाहीत. 'हे कशासारखं दिसतं?', 'काय झालं तिकडे?' असं विचारतात. शाळेत मात्र शिक्षिका समोरची वस्तू दाखवून तिचा रंग विचारणार, नाव विचारणार. बाईंना दिसतंय, तरी विचारतात कशाला, हे मुलांना उमगत नव्हतं. मग शिक्षिकांनी वस्तीतले फोटो वर्गात आणले आणि 'इथे काय चाललंय? तुम्ही इथे गेला आहात का?' असं विचारलं. मुलं बोलू लागली. त्यानंतर शाळेच्या धाटणीचे प्रश्नही त्यांना हळूहळू जमले.

तुमच्या घरातलं बोलणं या कानांनी ऐका. सासूबाई गवार निवडायला बसतात, नात शेजारी. "ही जून आहे का गं? मोडून बघ." ती मोडते. "आजी, मोडत नाहीये, दोरा निघतोय." "मग ती बाजूला टाक." आजीला खरंच ती शेंग तपासून हवी असते, म्हणून मुलगी मनापासून उत्तर देते. हाताळून बघायचं, दिसलं ते सांगायचं, त्यावरून ठरवायचं, हे सगळं त्या परातीशी होतं. पुढे विज्ञानाच्या तासाला तिच्याकडून हेच मागितलं जाणार आहे. असं बोलणं ज्या भाषेत होतं ती भाषा घरातून काढायची आणि तिच्या जागी काय ठेवायचं? तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे, पण सांगून-ठरवून इंग्रजी बोलणाऱ्या घरांत मी फार वेळा 'कम', 'सिट', 'ईट फास्ट', 'व्हेरी गुड' एवढंच ऐकलं आहे. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, हे मुलीनं विचारलं तर त्यांनी ते मराठीत, अगदी रंगवून सांगावं.

एका भाषेत पक्की झालेली समज दुसरीत उतरते. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी हे १९७०च्या दशकाअखेरीपासून मांडलं. त्यांचा हिशेब असा की नव्या भाषेत खेळण्याबोलण्यापुरतं साधारण दोन वर्षांत येतं, पुस्तकातली भाषा पेलायला पाच ते सात वर्षं लागतात. सीनिअर केजीत निकाल लावायची घाई कशाला?

आणि आपण बडोद्याची माणसं. कवळाणे गावाहून १८७५ साली बारा वर्षांचा मुलगा इथल्या राजघराण्यात दत्तक आला, त्याला अक्षरओळखही नव्हती. त्याला मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू अशा चार भाषा शिकवल्या. पुढे त्याच सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेही रयतेच्या भाषेत. खंडेराव मार्केटात गुजरातीत भाव करून घरी मराठीत हिशेब सांगणारी मुलं या गावात पिढ्यान्‌पिढ्या वाढली आहेत. आपल्या मुलीला दोन भाषा आत्ताच येतात, तिसरी येते आहे, हे टीचरना तुमच्या तोंडून कळू द्या.

टीचरवर रागावू नका. वर्गात चाळीस मुलं असली की त्यांना जे ऐकू येतं त्यावरच त्या बोलणार. त्यांना भेटून सांगा की ही घरी काय-काय बोलते. फोनवर तिचं दोन मिनिटांचं बोलणं ऐकवा, मराठी कळलं नाही तरी ओघ कळेल. आठवड्यातून एकदा घरची एखादी वस्तू, आजीचा अडकित्ता किंवा गौरीचा मुखवटा, नेऊन दाखवायची परवानगी मागा, आणि सुरुवातीला तिनं मिळेल त्या भाषेत सांगितलं तरी चालेल का ते विचारा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी, असं लिहिलं आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी घरच्या भाषेला वर्गाच्या दारात अडवू नये, एवढं मागायचा तुम्हाला हक्क आहे.

यजमानांनी रोज संध्याकाळी एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक तिला मांडीवर घेऊन वाचावं. तीच गोष्ट तिनं आजीला मराठीत सांगावी. आजींना इंग्रजी येत नसेल तर फारच उत्तम, कारण मग नातीला खरंच समजावून सांगावं लागेल.

बाई, नातवाला १ जूनला सहा वर्षं पुरी व्हायला अठरा दिवस कमी पडतात. पहिलीत घेत नाहीत. वर्ष फुकट जाणार का?
— एक आजोबा, राजमहाल रोड

फुकट जात नाही. गुजरातमध्ये २०२३-२४पासून हा नियम आहे आणि मला तो योग्य वाटतो. बालवाटिकेत, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गात, वर्षभर खेळू दे, माती-कात्री हाताळू दे. रोज सकाळी त्याला भाजी आणायला बरोबर न्या आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचा, गुजराती नि इंग्रजी दोन्ही.

बाई, आमचं वाडीत घरगुती मसाल्यांचं दुकान आहे. मुलगा चौथीत, गुजराती माध्यमात. दुकानात सुट्टे पैसे देताना कधी चुकत नाही, पण शाळेत वजाबाकीला भोपळा. ट्यूशन लावायची म्हणून त्याचं दुकानात येणं बंद करावं का?
— एक वडील, वाडी

ब्राझीलच्या रेसिफे शहरात बाजारात माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गाडीवर विचारलेले ९८ टक्के हिशेब बरोबर, तेच आकडे कागदावर नुसती गणितं म्हणून दिले तर ३७ टक्के. पस्तीसचा एक, तर दहा नारळांचे किती? बारा वर्षांच्या मुलानं तीन-तीनचे एकशेपाच जोडत जोडत साडेतीनशे सांगितले. दहावर शून्य देण्याची शाळेची रीत त्यानं वापरलीच नाही, त्याची स्वतःची रीत होती.

तुमच्या मुलाचंही असंच असणार. गिऱ्हाइकानं ३६५च्या बिलाला ५००ची नोट दिली तर तो मनात काय करतो, ते त्याला मोठ्यानं बोलायला सांगा. बहुधा म्हणेल, पाच घातले की ३७०, तीस घातले की ४००, वर शंभर. झाले १३५. वहीत तो ५००खाली ३६५ मांडतो आणि शून्यातून पाच जात नाहीत म्हणून उलट पाचातून शून्य काढतो, तसंच पुढे, आणि २६५ लिहून मोकळा होतो. दुकानात हा मुलगा २६५ परत देईल का? कधीच नाही. वहीतल्या आकड्यांना तो पैसे समजतच नाही, अडचण तिथे आहे.

म्हणून दुकान बंद करू नका, वेळ आखून द्या. शाळा, खेळ, झोप यांना धक्का न लावता तासभर पुरे. त्या तासात दोन-तीन बिलं त्यानं कागदावर लिहावीत, आधी स्वतःच्या रीतीनं, मग शेजारी शाळेच्या रीतीनं, आणि दोन्ही उत्तरं ताडून बघावीत. नोटा मोडून दाखवा: एक शंभराची मोडली की दहा दहाच्या, त्यातली एक मोडली की दहा सुटे. हातचा घेणं म्हणजे काय, ते त्याच्या गल्ल्यातच आहे. घरात कुणा आजोबांना पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) पाठ असेल तर पाव किलो, अर्धा किलोच्या भावाला ती शिकवू द्या. आणि महिनाभरानं ते कागद घेऊन त्याच्या वर्गशिक्षकांना भेटा. ट्यूशनचं त्यांच्याशी बोलून ठरवा.