पकडावा की हरवावा? हिसुईतील पोकेमॉनविषयी वाचकांचे प्रश्न

‘पोकेमॉन लेजेंड्स: आर्सियस’ हा गेम फ्रीक या जपानी कंपनीचा खेळ २८ जानेवारी २०२२ रोजी निन्टेन्डो स्विचवर आला. त्याविषयी आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत, कारण बहुतेकांचे घोडे एकाच ठिकाणी अडलेले दिसते. मालिकेतल्या जुन्या खेळांची सवय असलेला खेळाडू इथेही केवळ लेव्हल वाढवत राहतो आणि समोरचा प्राणी काय करतो आहे, याकडे त्याचे लक्षच नसते.

मी दिसेल तो पोकेमॉन पकडत सुटलो आहे. मित्राचे म्हणणे असे की, हरवल्याशिवाय नोंदी पूर्ण होत नाहीत. दोघांपैकी बरोबर कोण?
– एक महाविद्यालयीन वाचक, सातारा

दोघेही अर्धे बरोबर आहात. हिसुई म्हणजे मालिकेतल्या सिनो प्रदेशाचा फार जुना काळ, आणि आपण तिथे गॅलेक्सी टीमच्या सर्वेक्षण पथकात नोकरीला आहात. त्यामुळे पोकेडेक्स, म्हणजे पोकेमॉनच्या नोंदींची वही, इथे आयती मिळत नाही, ती आपल्यालाच भरावी लागते. प्रत्येक जातीच्या पानावर कामांची यादी असते : इतके पकडा, इतके हरवा, अमुक प्रकारच्या चालीने हरवा, त्याच्या नजरेस न पडता पकडा, त्याला खाऊ घाला, त्याला अमुक चाल करताना पाहा. ही कामे करत संशोधनाची दहावी पातळी गाठली की ते पान पूर्ण झाले असे धरतात. म्हणजे केवळ पकडूनही पान भरू शकते, पण वेळ फार लागतो. ज्या कामांपुढे बाणाची खूण आहे त्यांचे श्रेय दुप्पट मिळते, तेव्हा नवी जात दिसली की दोन-तीन पकडाव्यात, मग पान उघडून ती खूण कुठे आहे ते पाहावे आणि त्यानंतरच पुढचे ठरवावे. अनुभवाचे गुण पकडल्यावरही मिळतात आणि हरवल्यावरही, तेही सोबतच्या सगळ्या पोकेमॉनना मिळतात. त्यामुळे ‘हरवले नाही तर माझा संघ कच्चा राहील’ ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

लढाई न करता पकडण्याचे तंत्र मात्र नीट शिकून घ्यावे, कारण हा खेळ खरा तिथेच रंगतो. बी बटण दाबून खाली वाका, उंच गवतात शिरा आणि प्राण्याच्या पाठीमागे जा. थोडे अंतर राखून त्याच्यापुढे एखादी बेरी टाकली, तर बऱ्याच जाती चालता चालता थांबतात, वास घेतात आणि खाऊ लागतात. त्या क्षणी पाठीवर बसलेला बॉल (पोकेमॉन पकडण्यासाठी फेकायचा चेंडू) सहसा वाया जात नाही. अगदी जवळ पोहोचता येत असेल आणि प्राणी बेसावध असेल, तर हेवी बॉल वापरावा. तो दूर जात नाही, पण अशा वेळी त्याची पकड साध्या बॉलपेक्षा चांगली असते. उडणाऱ्या किंवा दूरच्या प्राण्यासाठी फेदर बॉल बरा, कारण तो सरळ रेषेत लांबवर जातो. आब्रासारख्या जाती मात्र आपली चाहूल लागताच जागच्या जागी नाहीशा होतात, तिथे धीराला पर्याय नाही.

प्राणी चिडून अंगावर आला आणि नेम धरताना फुलीची खूण दिसू लागली, तर बॉल फेकत राहू नये, तो परतवला जातो. अशा वेळी आपला पोकेमॉन मैदानात उतरवावा. समोरच्याची शक्ती हळूहळू कमी करून मग बॉल टाकावा. गुंगी किंवा लकवा आला असेल तर पकडणे आणखी सोपे जाते. ‘फॉल्स स्वाइप’ ही चाल प्रशिक्षण मैदानावर शिकता येते. तिने प्राणी बेशुद्ध पडत नाही, थोडी शक्ती राखून उरतो.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. ‘आज वीस हरवले’ असे तो जेवताना सांगतो तेव्हा मनाला खटकते. या खेळात प्राणी मारतात का?
– एक पालक, मडगाव

नाही. हरलेला पोकेमॉन बेशुद्ध होतो आणि मैदानातून दिसेनासा होतो. खेळात रक्त नाही की मृतदेह नाही. उलट मार खाण्याची वेळ अनेकदा खेळाडूवरच येते, कारण रानातले पोकेमॉन थेट त्याच्या अंगावर धावून येतात. कथेतल्या जुबिलाइफ गावचे लोक पोकेमॉनना घाबरून असतात, आणि प्राध्यापक लॅव्हेंटन यांचा सारा खटाटोप त्या प्राण्यांची ओळख व्हावी यासाठी आहे. खेळ एकदा विकत घेतला की आत पुन्हा पैसे मागत नाही, हेही आपल्याला कळलेले बरे. वीसच का, असे एकदा त्याला विचारून पाहा. बहुधा तो आपल्याला एखाद्या जातीच्या पानावरची पूर्ण यादी वाचून दाखवील.

पहिल्याच प्रदेशात एक डोळे लाल झालेला प्रचंड घोडा माझ्या संपूर्ण संघाला लोळवतो. त्याला हरवायचे कसे?
– एक वाचक, कोल्हापूर

आत्ता हरवायचेच नाही. ऑब्सिडियन फील्डलँड्समधल्या हॉर्सशू प्लेन्सवर फिरणारा हा अल्फा, म्हणजे आपल्या जातीत आकाराने आणि ताकदीने मोठा, रॅपिडॅश चाळिसाव्या लेव्हलचा आहे, आणि आपण तिथे पोहोचता तेव्हा आपले पोकेमॉन त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. लांबूनच वळसा घालून निघून जावे. त्याच्या तावडीत सापडून आपण कोसळलात, तर झोळीतल्या काही वस्तू तिथेच पडतात. त्या दुसरा खेळाडू ऑनलाइन शोधून परत पाठवू शकतो, पण ती त्याची मर्जी. पुढे पाण्याच्या प्रकारचा तयार पोकेमॉन हाताशी आला की परत यावे. नशिबाने आधीच पकडला गेला, तरी आपला दर्जा पुरेसा वाढेपर्यंत तो सांगितलेले ऐकेलच असे नाही.

क्लीव्हरपाशी मी कायम अडकते. त्याच्यावर बामच्या पुड्या फेकायच्या की माझा पाण्याच्या प्रकारचा ओशावॉट पुढे करायचा, हेच कळत नाही. दर वेळी त्याची कुऱ्हाड मलाच लागते.
– एक वाचक, नाशिक

क्लीव्हर हा वनाचा अधिपती मानला जातो. अशा पाच सन्मानित पोकेमॉनपैकी आपल्या वाटेत येणारा तो पहिला. पिसाळलेल्या अवस्थेत त्याला पकडता येत नाही आणि नेहमीच्या अर्थाने हरवताही येत नाही. त्याला शांत करायचे असते, आणि त्यासाठी त्याच्या आवडत्या खाद्यापासून बनवलेले बाम फेकून पडद्यावर दिसणारी त्याची पट्टी रिकामी करायची असते. इथवर आपले बरोबर आहे. चूक होते ती घाईत. बहुतेक जण समोर उभे राहून पुड्यांचा मारा करतात, आणि तो झेपावला की त्यांना मागे सरकायला वेळच उरत नाही.

वाय बटण दाबले की आपण लोळण घेतो, आणि त्या लोळणीच्या मध्यावर वार लागत नाही. त्यामुळे मागे पळण्यापेक्षा वार येताच बाजूला लोळणे अधिक सुरक्षित, आणि ते करायचे तर पुड्या टाकणे क्षणभर थांबवावेच लागते. पहिल्या खेपेला एकही पुडी न टाकता निव्वळ लोळत राहा आणि त्याची झेप नेमकी केव्हा येते ते डोळ्यांत साठवा, असा माझा आग्रह राहील. झेपेआधी तो थबकतो, कुऱ्हाडी वर घेतो आणि मगच सुटतो. तो धावत येऊन रिंगणाच्या कडेला आपटला की भोवळ येऊन उभा राहतो. आपला पोकेमॉन पुढे करण्याची वेळ तीच, आधीही नाही आणि नंतरही नाही. त्या छोट्या लढाईत आपण जिंकलात, तर तो बराच वेळ हतबल राहतो आणि तेवढ्यात जमतील तितक्या पुड्या फेकून घेता येतात.

ओशावॉटची निवड उत्तम आहे. क्लीव्हर कीटक आणि खडक या दोन प्रकारांचा असल्याने पाण्याचा मारा त्याला जड जातो. याच हिशेबाने पुढच्यांचीही तयारी ठेवा. खडक आणि आग या प्रकारांच्या हिसुईच्या आर्कॅनाइनला पाणी व जमीन यांचा चौपट फटका बसतो, तर बर्फ आणि खडकाच्या अव्हालगला लढाऊ व पोलादी चालींचा चौपट. आणि हरलात तरी सारे मुसळ केरात जात नाही : जिथे सोडले तिथून पुढे सुरू करण्याचा पर्याय खेळ देतो, रिकामी झालेली पट्टी पुन्हा भरत नाही. अभिमान बाजूला ठेवून तो खुशाल घ्यावा.

एकच चाल ‘चपळ’ आणि ‘जोरकस’ अशा दोन तऱ्हांनी करता येते. मला जोरकसच बरी वाटते. चपळ चाल कुणी का करावी?
– एक वाचक, नागपूर

पडद्यावर पुढच्या पाळ्यांचा जो क्रम दिसतो, तो आपण पाहत नसावात असे वाटते. चाल अंगवळणी पडल्यावर मिळणाऱ्या या दोन्ही तऱ्हांना चाल वापरण्यासाठीचे बिंदू (पीपी) जादा लागतात. जोरकस चालीने मारा वाढतो, पण आपली पुढची पाळी मागे सरकते आणि समोरच्याला सलग दोनदा वार करण्याची संधी मिळू शकते. चपळ चालीत मारा कमी, पण पाळी लवकर येते. दुबळ्या झालेल्या प्राण्याला जोराने आडवे करण्यात काही शहाणपण नाही. तो पकडायचा असेल तर कमी मारा हीच सोय ठरते. जोरकस चाल राखून ठेवावी ती एका घावात काम तमाम होणार असेल तेव्हासाठी.

स्टॅन्टलर आणि बॅस्क्युलिन कितीही लेव्हल वाढवल्या तरी रूप बदलत नाहीत. शिवाय एकाच जातीचे जादा पोकेमॉन साठले आहेत, त्यांचे काय करावे?
– एक मराठी कुटुंब, सिंगापूर

या दोघांच्या बाबतीत लेव्हलचा संबंधच नाही, त्यांना आपण कसे वापरता यावर सारे अवलंबून आहे. स्टॅन्टलरने ‘सायशील्ड बॅश’ ही चाल चपळ तऱ्हेने २० वेळा केली, की तो वायरडिअर होऊ शकतो. पांढऱ्या पट्ट्याच्या बॅस्क्युलिनचे गणित वेगळे : ज्या चालींत स्वतःलाही इजा होते, त्या चाली करत त्याने बेशुद्ध न पडता एकूण २९४ बिंदूंइतकी शक्ती गमवायला हवी. मध्ये औषध दिल्याने मोजणी बिघडत नाही, बेशुद्ध पडला तर मात्र पुन्हा पहिल्यापासून. यांना घरी ठेवून काहीच होणार नाही, रोज सोबत न्यावे लागेल. रूपबदल आपोआप होत नाही. झोळीतल्या यादीत त्या पोकेमॉनची खूण उजळली की आपणच तो घडवायचा.

जादा पोकेमॉन सोडून द्यावेत. सोडल्यावर ग्रिट नावाची पूड किंवा खडे मिळतात, आणि ते आवडत्या पोकेमॉनला दिले की त्याचा मारा, बचाव वगैरे गुण पक्के होतात.

मुख्य कथा संपली, श्रेयनामावलीही येऊन गेली. आता कथेतल्या व्होलो या व्यापाऱ्यासमोर माझे सहाही पोकेमॉन कोसळतात. काही उपाय?
– एक वाचक, पुणे

ज्यांची कथा अजून संपलेली नाही, त्यांनी इथेच थांबावे.

व्होलोचे सहा पोकेमॉन हरवले की लगेच गिराटिना हा बलाढ्य पोकेमॉन समोर येतो, आणि तो पडला की वेगळ्या रूपात पुन्हा उठतो. मध्ये विश्रांती नाही. म्हणजे सहाजणांच्या तयारीने गेलेल्या खेळाडूची गाठ प्रत्यक्षात आठांशी पडते, आणि आपली औषधे बहुधा सातव्याआधीच संपत असावीत. आधी पिशवीत भरपूर रिव्हाइव्ह (बेशुद्ध पोकेमॉनला शुद्धीवर आणणारे औषध) भरून घ्या. संघात परी प्रकारचा एक पोकेमॉन हवाच, कारण सुरुवातीच्या स्पिरिटुंबला फक्त त्याच प्रकारचा मारा जड जातो, आणि तो ड्रॅगन असलेल्या गिराटिनावरही चालतो. बर्फाची एखादी चाल गारचॉम्पसाठी राखावी, तिचा त्याला चौपट फटका बसतो. टोगेकिस समोर असेल तेव्हा वीज किंवा खडक वापरा. आणि गिराटिना पहिल्यांदा कोसळण्याच्या बेतात दिसला की पुढचा हल्ला करण्याची घाई न करता, शक्य असेल तर त्याच पाळीला आपल्या सर्वांत जखमी पोकेमॉनला औषध द्यावे.