कोरियन मालिका सुरू करताय? मग आधी एवढं करा

स्वागत! पहिली मालिका कोणती, याचं दडपण नको. साधारण १६ भाग, प्रत्येक तासाभराचा किंवा थोडा जास्त, आणि गोष्ट संपते. आपल्या दैनंदिन मालिकांसारखी ती वर्षानुवर्षं चालत नाही, म्हणून शेवटाला इथे खरं वजन असतं.

सुरुवातीला होणाऱ्या चुका:

- दोन भागांत सोडून देणं. 'माय मिस्टर' (२०१८) सुरुवातीला जड, उदास वाटते. चार भाग द्या. तिचा शांत शेवट मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटतो.
- शेवट आधी शोधून वाचणं. 'रिप्लाय १९८८'मध्ये नायिकेचा नवरा कोण, हे कोडं शेवटपर्यंत ताणलंय. ते फुटलं तर अर्धी मजा गेली.
- डबिंग लावणं. मूळ आवाजच ऐका, खाली सबटायटल्स ठेवा. कोरियनमध्येही आपल्यासारखं अहो-जाहो आणि अरे-तुरे असतं. दोघं एकातून दुसऱ्यात कधी सरकतात, तो क्षण इंग्रजी ओळींत हरवतो. मराठी कानाला मात्र तो पटकन जाणवतो.

'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन'च्या (२०२२) शेवटावर लोक अजून भांडतात. माझं मत ठाम आहे: तो शेवट योग्यच आहे, आणि त्याची चाहूल सुरुवातीच्या भागांपासूनच मिळते. मी तरीही रडले. पण ती पहिली मालिका म्हणून नको, तिसरी-चौथी ठेवा.

आज 'रिप्लाय १९८८' लावा. भाग लांब आहेत, जेवण आधी उरकून घ्या.