जपानचा फोटो आला, आता पैसे भरू का? पोकेमॉन कार्डांबद्दल वाचकांचे प्रश्न

पोकेमॉन या कार्डांच्या खेळाचा नवा सेट, म्हणजे एकत्र निघणारा कार्डांचा संच, आधी जपानमध्ये येतो. तिथे त्याची पहिली चार कार्डं दिसली की दोन दिवसांत माझा फोन वाजायला लागतो. मी पुण्यात दर रविवारी पोकेमॉन कार्डांचं टेबल चालवतो आणि मुलांच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न नव्या सेटबद्दलचेच आहेत आणि त्यांतले निम्मे मी गेल्या दोन वर्षांत अनेकदा ऐकले आहेत. म्हणून इथे एकत्र उत्तरं देतो.

इंग्रजी सेटची नक्की तारीख कुठे कळते? (सोलापूर)

पोकेमॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर. तुमच्या गावातल्या दुकानात माल कधी येईल, ते मात्र दुकानदारालाच विचारा.

जपानमध्ये सेट आला. तोच आपल्याकडे इंग्रजीत येणार ना? मग कोणती कार्डं घ्यायची याची यादी आत्ताच करतो. (ठाणे, इयत्ता अकरावी)

यादी कर, पण त्यात खाडाखोड होणार हे धरून चाल. कधीकधी सेट जवळजवळ तसाच येतो. ‘१५१’ जपानमध्ये १६ जून २०२३ ला आला आणि इंग्रजीत २२ सप्टेंबरला, म्हणजे तीन महिन्यांनी. पण बऱ्याचदा इंग्रजी सेट दोन जपानी सेट मिळून बनतो. मार्च २०२४ चा ‘टेम्पोरल फोर्सेस’ हा ‘वाइल्ड फोर्स’ आणि ‘सायबर जज’ या दोन जपानी सेटांचा मिळून झाला. नोव्हेंबर २०२४ च्या ‘सर्जिंग स्पार्क्स’मध्ये ऑक्टोबरच्या जपानी सेटबरोबर सप्टेंबरच्या ‘पॅराडाइज ड्रॅगोना’ची कार्डंही आली. एखादं कार्ड पुढच्या सेटमध्ये ढकललं जातं, एखादं वेगळ्याच खोक्यातून प्रोमो (सेटच्या पॅकबाहेर मिळणारं खास कार्ड) म्हणून निघतं. क्रमांक तर बदलतातच. त्यामुळे जपानी क्रमांक लिहून दुकानदाराकडे ‘हेच द्या’ असं मागू नकोस. इंग्रजी यादी अधिकृतपणे लागली की दोन्ही समोर ठेव, आणि शंका आली तर तुझ्या भागातल्या पंचांना दाखव.

‘ब्लॅकी’ नावाचा नवा पोकेमॉन येतोय असं मुलगा म्हणतो. खरं आहे का? (सांगली)

नवा नाही. अम्ब्रियॉनचं ते जपानी नाव आहे. तसाच लिझार्डन म्हणजे चारिझार्ड.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘लीक’ कार्डाचा फोटो फिरतोय. खरा की खोटा, कसं ओळखायचं? (नागपूर)

फोटोवरून कुणीही खात्रीने सांगू शकणार नाही. मीही नाही. पण फोटो मोठा करा आणि चित्राकडे न बघता खालच्या डाव्या कोपऱ्याकडे बघा. खोटं बनवणारा चित्रावर रात्र घालवतो, कोपऱ्यावर पाच मिनिटं.

मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्कार्लेट अँड व्हायोलेट’ मालिकेपासूनच्या इंग्रजी कार्डावर त्या कोपऱ्यात एका छोट्या पांढऱ्या चौकटीत एकच इंग्रजी अक्षर असतं, ते नियमचिन्ह. कार्ड स्पर्धेत चालतं का, ते त्यावरून ठरतं. शेजारी सेटची तीन अक्षरं आणि भाषेची दोन, मग क्रमांक, मग दुर्मीळपणाची खूण. उदाहरण म्हणून ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स’ सेटमधलं ज्याच्यामागे सगळे धावले ते अम्ब्रियॉन ईएक्स (ईएक्स हा ताकदवान कार्डांचा एक प्रकार) घ्या. त्याचा क्रमांक १६१/१३१. मूळ सेट १३१ कार्डांचा आणि हे त्याच्या पुढचं, म्हणून आकडा मोठा. ही छपाईची चूक नव्हे. शेजारी दोन सोनेरी तारे. साध्या ईएक्सला तिथे दोन काळे तारे असतात. आता तुमच्या फोटोत काळे तारे असतील आणि चित्र मात्र कार्डभर पसरलेलं विशेष रेखाटन असेल, तर फोटो बाजूला ठेवा. मार्च २०२३ नंतरच्या सेटचं इंग्रजी कार्ड म्हणून पिवळ्या किनारीचं काही दाखवत असतील तरीही तेच. त्या महिन्यापासून इंग्रजी कार्डांची किनार राखाडी झाली आहे.

आणि खरं निघालं तरी काय करणार? आठवडाभर थांबा, अधिकृत फोटो येतोच. लीक पुढे पाठवू नका.

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत सोनेरी पोकेमॉन कार्डांचं खोकं मिळतं, ५५ कार्डं, ‘नवीन सेट’ असं लिहिलेलं. धाकटी हट्ट करतेय. घ्यावं का? (नाशिक, दोन मुलींची आई)

ताई, ती नकली आहेत. सोनेरी पत्र्याच्या ५५ कार्डांचं असं खोकं अधिकृत कंपनी काढत नाही. घरच्या घरी खेळायला म्हणून दिलंत तर मुलीचं काही बिघडत नाही, पण स्पर्धेत एकही कार्ड चालणार नाही आणि पुढे कुणी अदलाबदलही करणार नाही, हे तिला आधीच सांगा. नंतर दुसऱ्या मुलांसमोर कळलं की पोरं फार खट्टू होतात. मी पाहिलंय.

तिला खरं कार्ड एकदा हातात द्या. कडेवर भिंग धरलं की दोन कागदांच्या मधे बारीक काळसर थर दिसतो. इंग्रजी नावातल्या ‘ई’वरची तिरपी रेघ तपासायला सांगा. एखादा रविवार जवळच्या खेळाच्या दुकानात घेऊन जा. तिथली मोठी मुलं हे सगळं आनंदाने दाखवतात.

येणाऱ्या सेटची प्रीऑर्डर इन्स्टाग्रामवर सुरू झाली आहे. ‘नंतर मिळणार नाही, निम्मे पैसे आत्ता’ असं म्हणतायत. भरू का? (पिंपरी, असाच प्रश्न डोंबिवली, लातूर आणि मडगावहूनही)

नको. आणि का नको, ते सविस्तर सांगतो, कारण या एका गोष्टीपायी मुलांचे पैसे बुडताना पाहून मला खरोखर त्रास होतो.

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या टेबलावरच्या बारावीतल्या एका मुलाने मला मोबाइल दाखवला. ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स, सीलबंद बूस्टर बॉक्स, ३६ पॅक, निम्मी रक्कम आगाऊ.’ (बूस्टर पॅक म्हणजे सेटमधल्या काही कार्डांचं बंद पाकीट.) त्याचे नऊ हजार भरून झाले होते. आजीने वाढदिवसाला दिलेले आणि वर शिकवणीतून मिळवलेले. मी फोटो मोठा केला. खोक्यावर अम्ब्रियॉन होता, पण झाकणाच्या कोपऱ्यातलं सेटचं चिन्ह दुसऱ्याच, जुन्या सेटचं. जुन्या खोक्यावर नवं चित्र चढवलेलं. मुख्य म्हणजे ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स’चा ३६ पॅकचा बूस्टर बॉक्स इंग्रजीत कधी निघालाच नाही. जी वस्तू छापलीच जाणार नव्हती, तिचे पैसे त्या पोराने भरले होते. महिन्याभरात ते खातं बंद झालं. पैसे आजतागायत आलेले नाहीत.

म्हणून पहिलं काम हे: वस्तू अस्तित्वात आहे का ते बघा. नेहमीच्या इंग्रजी सेटला ३६ पॅकचा बॉक्स असतो. ‘१५१’ किंवा ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स’सारख्या विशेष सेटला तो नसतो. त्यांचे पॅक फक्त इतर खोक्यांतून मिळतात: एलिट ट्रेनर बॉक्समध्ये नऊ, बूस्टर बंडलमध्ये सहा, शिवाय डबे आणि कलेक्शन. कंपनी प्रत्येक सेटबरोबर कोणकोणती खोकी निघणार ते जाहीर करते. ते जाहीर होण्याआधी जो प्रीऑर्डर घेतो, तो काय विकतो आहे हे त्यालाही ठाऊक नसतं.

दुसरं, ‘नंतर मिळणार नाही’ हे वाक्य. ‘प्रिझमॅटिक’ १७ जानेवारी २०२५ ला आला आणि जगभर तुटवडा पडला, हे खरंच आहे. पण त्याच महिन्यात कंपनीने जाहीरपणे सांगितलं की आणखी छपाई चालू आहे. पहिल्या आठवड्यात दुप्पट पैसे मोजणाऱ्यांनी घाईचे पैसे मोजले, कार्डाचे नव्हे. हा कागदावर छापलेला खेळ आहे. मागणी असली तर कंपनी पुन्हा छापते.

तिसरं, प्रामाणिक दुकानदाराचीही अडचण समजून घ्या. वितरकाकडून आपल्याला किती खोकी मिळणार, हे त्याला बऱ्याचदा शेवटपर्यंत कळत नाही. चांगला दुकानदार तसं तोंडावर सांगतो, नाव आणि नंबर लिहून घेतो, माल आला की फोन करतो. जो ‘शंभर टक्के मिळणार’ म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा.

तरी आगाऊ द्यायचेच असतील तर ज्याचा पत्ता आहे, जो पक्कं बिल देतो, आणि माल न आल्यास किती दिवसांत पैसे परत हे त्याच बिलावर लिहून देतो, त्यालाच द्या, आणि रक्कमही नाममात्र ठेवा. अठराच्या आतल्या मुलांनी हे आईबाबांना विचारल्याशिवाय करायचं नाही. आईबाबांचा यूपीआय पिन पाठ आहे म्हणून तर मुळीच नाही. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच १९३० ला फोन करा, दुकानाशी वाद असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला. आमच्या त्या मुलाने लाजेपोटी घरी तीन आठवडे सांगितलं नाही, आणि हातात काही येण्याची शक्यता होती ती त्या तीन आठवड्यांत गेली.

जपानच्या स्पर्धेत जिंकलेला डेक इथे जसाच्या तसा खेळू का? (कोल्हापूर)

आज नाही. जपानमध्ये नवी कार्डं आधी येतात आणि रोटेशनही (जुनी कार्डं स्पर्धेतून बाद होणं) आपल्या आधी होतं, त्यामुळे त्या डेकमधली (खेळायला जमवलेल्या साठ कार्डांच्या गठ्ठ्यातली) काही कार्डं आपल्याकडे अजून छापलेलीच नसतात. इंग्रजी सेट आला तरी स्पर्धेत तो साधारण दोन आठवड्यांनी चालतो. २०२५ मध्ये ‘जर्नी टुगेदर’ २८ मार्चला आला आणि ११ एप्रिलपासून स्पर्धेला वैध झाला. त्याच ११ एप्रिलला नियमचिन्हात एफ अक्षर असलेली कार्डं बाद झाली. गिरातिना व्हीस्टार, रेडियंट ग्रेनिन्जा, सगळी एका दिवसात बाहेर. आमच्याकडे एक जण आदल्या आठवड्यात गिरातिनाच्या चार प्रती विकत घेऊन आला होता. कुणाला विचारलं असतं तर वाचला असता.

तेव्हा नवं कार्ड घेण्याआधी नियमचिन्हाचं अक्षर बघा. अक्षर जितकं पुढचं, तितकं कार्ड जास्त दिवस टिकणार. एक दिलासा: तेच कार्ड चालू अक्षराने पुन्हा छापलं असेल तर तुमची जुनी प्रतही चालते. ‘प्रोफेसर्स रिसर्च’वर कोणत्याही प्राध्यापकाचं चित्र असो, कार्ड एकच धरलं जातं आणि साठ कार्डांच्या डेकमध्ये सगळी मिळून चारच. मजकुरात फरक वाटला तर स्पर्धेच्या दिवशी वाद घालण्यापेक्षा आदल्या दिवशी पंचांना फोटो पाठवा.

भाऊ जपानमध्ये असतो. त्याने नव्या सेटचे पॅक आणले तर इथे स्पर्धेत वापरता येतील का? (फोंडा, गोवा)

जमवायला जरूर आणू दे, छपाई सुंदर असते. जपानी पॅकमध्ये बहुधा पाचच कार्डं असतात, इंग्रजीत दहा, म्हणून किंमत पॅकमागे नव्हे तर कार्डामागे मोजा. स्पर्धेचं मात्र आयोजकांना आधी विचारा. जपानी कार्डाची पाठ वेगळी असते. अपारदर्शक स्लीव्ह (कार्डाचं प्लास्टिकचं कव्हर) घातली की झालं, असं कुणी सांगितलं असेल तर ते ऐकीव आहे. कोणत्या भाषेची कार्डं चालतात, हे स्पर्धेचे नियम ठरवतात.

पुढच्या सेटचे सीलबंद बॉक्स घेऊन पाच वर्षं ठेवले तर पैसे दुप्पट होतील का? (छत्रपती संभाजीनगर, निवृत्त)

मी कार्डांचा पंच आहे, पैशांचा नव्हे. हे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराला विचारा, आणि निवृत्तीच्या पैशाला हात लावू नका.

प्रीरिलीजला पहिल्यांदाच जातोय. नवी कार्डं माहीत नाहीत. तयारी काय करू? (सातारा, इयत्ता नववी)

माहीत नसणं हीच त्यातली मजा आहे, म्हणून मी तर म्हणेन की आधी सगळे फोटो बघूनही जाऊ नकोस. प्रीरिलीज, म्हणजे नव्या सेटच्या कार्डांनी आधीच खेळायचे सामने, सेट येण्याआधी साधारण दोन आठवड्यांपासून सुरू होतात. तुला बिल्ड अँड बॅटल बॉक्स मिळेल. त्यात खेळायला तयार असा ४० कार्डांचा डेक (चारांपैकी एक प्रोमो धरून) आणि चार बूस्टर पॅक. पॅक फोडून डेकमध्ये बदल करायचे आणि खेळायचं. प्राइज कार्डं (जिंकण्यासाठी उचलायची, बाजूला ठेवलेली कार्डं) नेहमीच्या सहाऐवजी चार, त्यामुळे डाव लवकर संपतो.

पॅक फोडलास की आधी सगळी कार्डं स्लीव्हमध्ये घाल, मग शेजाऱ्याला दाखव. तिथेच कुणी ‘हे मला दे, मी दोन देतो’ म्हणालं तर त्या दिवशी अदलाबदल करू नकोस, कारण नव्या कार्डाचा भाव तेव्हा कुणालाच ठाऊक नसतो. जागा मोजक्याच असतात, तेव्हा दुकानात आजच फोन करून नाव लिहून ठेव. खेळाडू क्रमांक लागेल का तेही त्याच फोनवर विचार. जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली बरोबर घे, दुपार सहज जाते.