पारिजातक: पाला उदंड, फुलं नाहीत (शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं)

प्रश्न (रावेर तालुका): परसातला पारिजातक पाच वर्षांचा झाला. वाढ जोमदार, पानं तळहाताएवढी, पण भादवा सरत आला तरी फूल दिसत नाही. केळीच्या ठिबकची एक नळी त्याला वळवून दिली आहे. पहिला पाऊस झाला की छाटणीही न चुकता करतो. काय करावं?

उत्तर: भाऊ, दोन्ही कारणं तुम्हीच लिहिली आहेत. केळीला ठिबकातून युरिया सोडता तेव्हा त्यातला वाटा पारिजातकालाही जातो. केळीची भूक मोठी, तिला ते लागतं. पारिजातकाला बारमाही पाणी आणि वर नत्र मिळालं, की तो पाल्यातच रमतो. ती नळी आजच काढा. नुसती बंद ठेवली तर घरातलं कुणीतरी कळकळीनं पुन्हा चालू करतं.

छाटणीचं कारण याहून मोठं. पारिजातक पानझडी आहे. फुलं सरली की चपट्या शेंगा धरतात, हिवाळ्यात त्या तपकिरी होऊन वाळतात, आणि उन्हाळ्यापर्यंत झाड बरंचसं उघडं पडतं. पावसावर नवे फुटवे येतात. त्याच फुटव्यांच्या शेंड्यांना आणि वरच्या पानांच्या बगलेत कळ्या लागतात. म्हणजे आषाढात तुम्ही कापता ती निव्वळ फांदी नसते, नवरात्रातली फुलं असतात. छाटणी फेब्रुवारी ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात करा. वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, बाकीच्यांचा वरचा तिसरा हिस्सा कमी करा, जाड कापांना बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. मोसंबी-लिंबूवाल्यांना हे नवीन नाही.

यंदा मात्र कात्रीला हात लावू नका. शेंड्याकडची दोन-तीन पेरं वाकवून निरखा. पान खरखरीत असतं, पॉलिश पेपर लावल्यासारखं, त्यामुळे कळी बोटाला आधी कळत नाही, नजरेनंच शोधावी लागते. पानाच्या बगलेत बारीक हिरव्या कळ्यांचे झुपके दिसले, तर अजून वेळ गेलेली नाही. कळ्या धरल्यावर पावसानं ओढ दिली तर आठवड्याला एकदा पोटभर पाणी द्या, नाहीतर त्या गळतात. एरवी जाणत्या झाडाला पावसाळ्यात पाणी नको, उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकदा पुरे.

प्रश्न (अमळनेर): न्हाणीच्या पाण्यावर पारिजातक आहे. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. रोग आहे का?

उत्तर: ताई, रोग नाही, लोहाची कमतरता आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही, आणि साबण-सोड्याचं पाणी त्यात भर घालतं. आधी न्हाणीचा पाट दुसरीकडे वळवा, अळू किंवा कर्दळीकडे गेला तरी चालेल. मग एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारा. पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा. सोबत ५० ग्रॅम हिराकस पाटीभर कुजलेल्या शेणखतात मिसळून आळ्यात द्या. नुसतं मातीत टाकलेलं हिराकस चुन्यात अडकून वाया जातं. जुनी पानं खालून पिवळी पडत असतील तर मात्र प्रकार वेगळा. मुळाशी पाणी साचतंय का ते आधी बघा.

प्रश्न (साक्री): रोप कधी आणि कुठे लावावं? मागचं रोप मे महिन्यात वाळलं म्हणून उपटलं.

उत्तर: दादा, ते खरंच वाळलं होतं का? मे महिन्यात नुसत्या काड्या उरल्या की बरेच लोक झाडाची आशा सोडतात. नखानं साल थोडी खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे.

लागवड मृगाचा पाऊस जिरल्यावर, जुलैपर्यंत. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. काळी जमीन भारी असेल तर निघालेली माती सगळी परत भरू नका. निम्मी माती, बाकी लाल मुरूम आणि शेणखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड, आणि रोप जमिनीपेक्षा थोडं उंचावर बसवा. पारिजातकाला उन्हाळ्याची तहान सोसते, मुळाशी तुंबलेलं पाणी सोसत नाही. पांढरा चुनखडीचा मुरूम वापरू नका, कारण वरच्या उत्तरात आलंच आहे. सकाळचं ऊन मिळेल अशी पूर्वेची बाजू उत्तम. भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा पहिले दोन उन्हाळे दुपारी सावली आणि बुंध्याशी पाचटाचं आच्छादन हवंच. बियांचं रोप फुलायला दोन-तीन वर्षं घेतं. घाई असेल तर पावसाळ्यात चांगल्या फुलणाऱ्या झाडाची पेन्सिलजाड काडी लावा. आणि भिंतीपासून सहा-सात फूट आत लावा, नाहीतर फुलांचा सडा शेजाऱ्याच्या अंगणात!

प्रश्न (शहादा): अर्धा एकर पारिजातक लावून फुलं विकता येतील का?

उत्तर: माझ्या मते नाही. फूल संध्याकाळी उमलतं, पहाटे गळतं आणि बाजारात पोचेस्तोवर मलूल होतं. दसरा-दिवाळीला झेंडू लावा. सुवासिक फुलंच हवी असतील तर मोगरा बघा, तो लग्नसराईत येतो.